अनवाणी चाललेला खजिनदार



स्पॅनिश दर्यावर्दी म्हटले की शाळेच्या पुस्तकातली ठरावीक नावे पुढे येतात. कोलंबस (तो जन्माने जिनोआचा, पण जहाजे स्पेनच्या राणीची), मेक्सिको जिंकणारा कोर्तेस, पेरू लुटणारा पिझारो. या सर्वांनी काही ना काही जिंकले. आज आम्ही ज्याच्याविषयी लिहीत आहोत, त्याने एक गावसुद्धा जिंकले नाही. निघताना तो राजाचा खजिनदार होता. आठ वर्षांनी आपल्या देशबांधवांना भेटला तेव्हा तो अनवाणी आणि जवळजवळ उघडा होता. तरीही त्या काळातील मोहिमांच्या वृत्तांतांमध्ये त्याचाच वृत्तांत आम्हांला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. त्यात 'ख्रिस्ती' हा शब्द ज्या अर्थाने येतो, तो वाचून मान खाली जाते. त्याकडे आपण येणारच आहोत.

त्याचे नाव आल्वार नून्येझ काबेसा दे वाका. 'काबेसा दे वाका' म्हणजे 'गायीचे डोके'. हे आडनाव त्याच्या आईच्या घराण्याचे. 1212 साली मूर लोकांशी झालेल्या लढाईत एका मेंढपाळाने गायीची कवटी ठेवून डोंगरातील वाट दाखवली आणि त्यावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका सांगतात. दक्षिण स्पेनमधील हेरेस गावी 1490च्या सुमारास त्याचा जन्म झाला. आजोबा पेद्रो दे वेरा यांनी ग्रान कॅनरी बेट जिंकले होते आणि शेजारच्या ला गोमेरा बेटावरील लोकांना गुलाम म्हणून विकलेही होते. म्हणजे जिंकणे आणि विकणे या गोष्टी आल्वारच्या घरात नव्या नव्हत्या. तरुणपणी तो इटलीत सैनिक होता; 1512 साली राव्हेन्नाच्या लढाईत तो लढला.

जून 1527 मध्ये पान्फिलो दे नार्वाएस याच्या नेतृत्वाखाली पाच जहाजे आणि सुमारे 600 माणसे स्पेनहून फ्लोरिडा जिंकायला निघाली. काबेसा दे वाका मोहिमेचा खजिनदार होता. राजाचा पाचवा हिस्सा राजाला मिळतो की नाही हे पाहणे, हे त्याचे काम. नार्वाएस हा एका डोळ्याचा सरदार. दुसरा डोळा त्याने कोर्तेसशी झालेल्या भांडणात गमावला होता. क्यूबात त्याच्या तुकडीने केलेली कत्तल बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूंनी डोळ्यांनी पाहिली होती. अशा माणसाच्या हाती मोहीम होती. वाटेत 140 माणसे पळून गेली. क्यूबाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळात दोन जहाजे, 60 माणसे आणि 20 घोडे गेले.

1528च्या पवित्र सप्ताहात, गुरुवारी, जहाजांनी फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नांगर टाकले आणि शुभ शुक्रवारी नार्वाएस जमिनीवर उतरला. झोपड्या रिकाम्या होत्या. लोक रात्रीच होड्यांतून निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी निशाण रोवून राजाच्या नावाने त्या भूमीचा ताबा घेण्यात आला. अशा वेळी वाचून दाखवण्यासाठी स्पेनमध्ये 1513 पासून एक जाहीरनामा तयार होता. पोपमहोदयांनी ही भूमी आमच्या राजाला दिली आहे, तुम्ही मान्य करा, नाही केलेत तर युद्ध होईल, तुम्हांला व तुमच्या बायकामुलांना गुलाम केले जाईल, आणि त्याचा दोष तुमचाच असेल, असा त्याचा आशय. ऐकणाऱ्यांना स्पॅनिश कळत नसे. कित्येकदा ऐकायला कोणी हजरही नसे. आम्ही सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलो, पण असे तर्कशास्त्र आमच्या पुस्तकात नव्हते.

नार्वाएसला सोन्याचा एक छोटा दागिना दिसला. हे कुठून आले, असे खुणांनी विचारल्यावर स्थानिकांनी दूर उत्तरेकडे बोट दाखवले : आपालाची. नकोशा पाहुण्याला पुढच्या गावाची वाट दाखवणे ही युक्ती जगात सगळीकडे चालते. जहाजे सोडून आत जाऊ नये, असा काबेसा दे वाकाचा सल्ला होता. तो कोणी मानला नाही. मग तू जहाजांवर थांब, असे नार्वाएसने सांगितले, तेव्हा लोक भित्रा म्हणतील म्हणून तोही आत निघाला. 300 माणसे, 40 घोडे, आणि माणशी दोन पौंड बिस्किट व अर्धा पौंड खारवलेले मांस. जहाजांची आणि त्यांची पुन्हा कधीच गाठ पडली नाही.

आपालाचीत सोने नव्हते. 40 झोपड्या होत्या आणि मका होता. तापाने माणसे पडू लागली, दलदलीत बाणांचा मारा चालू होता. शेवटी समुद्रावर पोहोचल्यावर ठरले की नावा बांधायच्या. नाव बांधणारा एकही कारागीर त्यांच्यात नव्हता! मग हरणांच्या कातड्यांचा भाता केला, रिकिबी आणि हत्यारांचे लोखंड वितळवून खिळे व कुऱ्हाडी पाडल्या, घोड्यांच्या शेपटीच्या केसांचे दोर वळले, अंगातील सदऱ्यांची शिडे शिवली, पाइनच्या राळेने फटी बुजवल्या. दर तीन दिवसांनी एक घोडा मारून खाल्ला आणि त्याच्या पायांच्या कातड्याच्या पाण्यासाठी पिशव्या केल्या. त्या पुढे समुद्रात कुजल्या. सप्टेंबर 1528 मध्ये 242 माणसे पाच नावांत बसली, तेव्हा नावांचा काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर उरला होता. कोळीवाड्यात वाढलेल्या आमच्या वाचकांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मिसिसिपी नदीच्या मुखाशी प्रवाहाने नावांना समुद्रात लोटले. सर्वांत बळकट वल्हेकरी नार्वाएसच्या नावेत होते. आम्हांला दोर टाका, अशी विनंती काबेसा दे वाकाने केली, तेव्हा आता ज्याने त्याने आपला जीव वाचवावा असे सांगून सेनापती पुढे निघून गेला. काही दिवसांनी तो एका रात्री नावेसकट समुद्रात वाहून गेला.

6 नोव्हेंबर 1528 रोजी काबेसा दे वाकाची नाव आजच्या टेक्सासच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर आदळली. स्थानिक लोकांनी त्यांना मासे आणि कंदमुळे आणून दिली. दोन-तीन दिवसांनी थोडी शक्ती येताच ते पुन्हा निघाले. वाळूत रुतलेली नाव ढकलण्यासाठी सर्वांनी कपडे काढून नावेत ठेवले होते. लाटेने नाव उलटली, तिघे बुडाले, आणि उरलेले सगळे नोव्हेंबरच्या थंडीत उघडेनागडे किनाऱ्यावर येऊन पडले.

संध्याकाळी ते बेटवासी पुन्हा अन्न घेऊन आले. पाहुण्यांची ही दशा पाहून ते आधी दचकले. आणि मग, वाचकहो, ते त्यांच्याजवळ बसले आणि मोठमोठ्याने रडू लागले. अर्धा तास रडले. ज्यांना जाहीरनाम्यात गुलामीची धमकी होती, तेच हे लोक. नंतर त्यांनी वाटेवर चार-पाच ठिकाणी शेकोट्या पेटवल्या आणि गारठलेल्यांना उचलून, प्रत्येक शेकोटीशी ऊब देत, घरी नेले. त्या रात्री नाचगाणे झाले. स्पॅनिश मंडळींना मात्र झोप नव्हती; हे लोक आपला बळी देणार असे त्यांना वाटत होते. सकाळी बळीऐवजी न्याहारी आली.

दुसरी एक नावही जवळच लागली होती. मिळून सुमारे 80 माणसे. त्या हिवाळ्याच्या शेवटी 15 उरली. किनाऱ्यावर अडकलेल्या पाच स्पॅनिश माणसांनी भुकेपोटी एकमेकांचे मृतदेह खाल्ले. हे कळल्यावर बेटवासी हादरून गेले. त्याच सुमारास पोटाच्या विकाराने निम्मे बेटवासीही मरण पावले. हे पाहुण्यांनीच आणले असे समजून त्यांना मारायचे घाटत होते. त्यांच्यातल्याच एकाने अडवले. यांच्या हाती मरण घालायची शक्ती असती तर यांनी आपली माणसे एवढी मरू दिली असती का, असा त्याचा मुद्दा होता. या निनावी माणसाचे तर्कशास्त्र जाहीरनामा लिहिणाऱ्या पंडितांपेक्षा किती सरळ!

याच बेटावर त्यांना वैद्य व्हायला लावले. तुमच्यात शक्ती असणारच, तर आजाऱ्यांना बरे करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी हसण्यावारी नेले. तेव्हा त्यांचे जेवण बंद झाले. शेवटी ते आजाऱ्यावर क्रुसाची खूण करीत, फुंकर घालीत, आमच्या बापा आणि नमो मरिये म्हणत, आणि देवा याला बरे कर व याच्या मनात आमच्याविषयी दया घाल, अशी मनोमन विनवणी करीत. लोक बरे वाटते असे म्हणत. पोटासाठी सुरू झालेली ही प्रार्थना पुढे त्याच्या आयुष्याचा आधार बनली. कधी, ते त्यालाही सांगता येत नाही.

पण तो काळ गुलामीचाच होता. पाण्यातून कंद उपटून उपटून त्याची बोटे गवताच्या पात्याच्या स्पर्शानेही रक्ताळत. वर्षभराने तो पळून मुख्य भूमीवरील लोकांकडे गेला आणि फेरीवाला झाला. किनाऱ्यावरचे शिंपले आणि शंख आत न्यायचे. आतून कातडी, गेरू, गारगोटी, बाणांचे बोरू आणायचे. दोन जमातींत वैर असले तरी फेरीवाल्याला दोन्हीकडे वाट मोकळी असे. राजाचा खजिनदार आता शिंपल्यांच्या बदल्यात गारगोट्या मोजत होता, आणि त्या कामावर तो खूश होता असे त्याच्या लिहिण्यावरून वाटते. त्याला एकट्याला निघून जाता आले असते. पण बेटावर लोपे दे ओव्हिएदो नावाचा एक सोबती मागे राहिला होता. दर वर्षी हा त्याला न्यायला जाई आणि दर वर्षी तो पुढच्या वर्षी येतो म्हणे. अखेर तो निघाला खरा, पण वाटेत घाबरून परत फिरला. वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी थांबलो त्याने असे करावे! काबेसा दे वाकाने त्याला दोष दिलेला नाही.

पुढे त्याला तीन जण भेटले : आंद्रेस दोरान्तेस, आलोन्सो देल कास्तियो आणि एस्तेबान. एस्तेबान मोरोक्कोतील आझेमूर गावचा, काळ्या वर्णाचा, दोरान्तेसने विकत घेतलेला गुलाम. आता मालक आणि गुलाम दोघेही तिसऱ्याचे गुलाम होते. सप्टेंबर 1534 मध्ये, निवडुंगाच्या बोंडांच्या हंगामात, चौघे पळाले. ही बोंडे म्हणजे आपल्याकडे कुंपणाला लावतात त्या फड्या निवडुंगाची लाल फळे. हा निवडुंग मुळात अमेरिकेतूनच आपल्याकडे आला. त्या हंगामात दूरदूरच्या जमाती निवडुंगाच्या रानात एकत्र येत आणि वर्षातून तेवढेच दिवस पोटभर खात.

आता ते पश्चिमेकडे चालू लागले आणि त्यांची वैद्य म्हणून कीर्ती त्यांच्या पुढे चालू लागली. एका माणसाच्या छातीत जुना बाणाचा फाळ रुतला होता. काबेसा दे वाकाने सुरीने छाती उघडून तो काढला आणि हाडाच्या सुईने दोन टाके घातले. माणूस बरा झाला. दुसरीकडे एक माणूस मेला म्हणून त्याची झोपडीही मोडली होती. याने प्रार्थना केली, आणि संध्याकाळी लोक सांगत आले की तो उठला, चालला, जेवला. याबाबत आम्हांला त्याचा प्रामाणिकपणा आवडतो. लोकांनी असे सांगितले, इतकेच तो नोंदवतो. मी मेलेल्याला उठवले असा दावा तो करीत नाही. ख्रिस्तसभेने त्याला संत म्हटलेले नाही, आणि आम्हीही म्हणत नाही. काट्याकुट्यांत लाकडे ओढताना अंग सोलून निघे, सापासारखी वर्षातून दोनदा कात पडे. तेव्हा प्रभू येशूचे काटे आपल्याहून किती जास्त होते हे आठवून धीर येई, एवढे तो सांगतो.

या यात्रेत सर्व काही पवित्र होते असे मात्र नाही. हजारो लोक चौघांबरोबर चालत. एका गावचे लोक त्यांना पुढच्या गावी पोचवत आणि मोबदला म्हणून त्या गावातील घरे लुटत. लुटले गेलेले लोक मग त्याच्या पुढच्या गावी वसुली करीत. चौघांना हे थांबवता आले नाही. शिवाय लोक त्यांना भीत, आणि ही भीती त्यांच्या सोयीची होती. ते मुद्दाम कमी बोलत. लोकांशी सारे बोलणे एस्तेबान करी. वाटा, गावे, भाषा यांची चौकशी त्याच्याकडे होती. म्हणजे ही मोहीम चालली ती एका गुलामाच्या जिभेवर.

1536च्या सुरुवातीला, आजच्या मेक्सिकोच्या वायव्येस, एका माणसाच्या गळ्यात पट्ट्याचे बक्कल आणि घोड्याच्या नालाचा खिळा दिसला. ख्रिस्ती लोक जवळ आले होते! चौघांनी देवाचे आभार मानले. पण पुढे जावे तसतशी गावे ओस आणि जळालेली, शेते पडीक, लोक डोंगरात लपलेले आणि झाडांच्या साली खाऊन राहिलेले. ख्रिस्ती येऊन पुरुषांना, बायकांना, मुलांना साखळदंडात बांधून नेतात, असे लोक सांगत होते. त्या मुलखात 'ख्रिस्ती' या शब्दाचा तेवढाच अर्थ होता.

एस्तेबान आणि 11 स्थानिकांना घेऊन काबेसा दे वाका पुढे गेला आणि त्याने चार स्पॅनिश घोडेस्वारांना गाठले. ते बराच वेळ त्याच्याकडे नुसते पाहत राहिले. प्रश्न विचारण्याचेही त्यांना भान राहिले नाही. त्यांचा कप्तान दिएगो दे आल्कारास गुलाम मिळत नाहीत म्हणून हैराण होता आणि त्याची माणसे उपाशी होती. काबेसा दे वाकाच्या निरोपावरून 600हून अधिक लोक डोंगरातून खाली आले आणि पुरून ठेवलेला मका त्यांनी आणून दिला. आल्कारासने मका खाल्ला आणि मग या लोकांनाच बांधून न्यायचे ठरवले. यावर असे कडाक्याचे भांडण झाले की निघण्याच्या घाईत काबेसा दे वाकाची माणसे आपली धनुष्ये, झोळ्या आणि पाचूचे पाच बाणफाळ तिथेच विसरली. आठ वर्षांची एवढीच काय ती संपत्ती होती.

आल्कारासने दुभाष्याकरवी लोकांना सांगितले की हे चौघे आमच्यातलेच, फक्त वाट चुकलेले, दुर्दैवी. खरे मालक आम्ही. लोकांना ते पटले नाही. आपापसात बोलून त्यांनी जे उत्तर दिले ते असे, की हे चौघे सूर्य उगवतो तिकडून आले, तुम्ही मावळतो तिकडून. यांनी आजाऱ्यांना बरे केले, तुम्ही धडधाकटांना मारता. हे उघडे आणि अनवाणी आले, तुम्ही घोड्यावर, भाले घेऊन. यांना काही हवे नसते, मिळाले ते वाटून टाकतात, तुम्हांला दिसेल ते हवे. तेव्हा हे आणि तुम्ही एकच, हे शक्य नाही. शेवटपर्यंत त्यांनी ते मानले नाही.

काबेसा दे वाकाने त्यांना गावी परतून शेती करायला सांगितले. त्याची पाठ वळताच आल्कारासने त्याला पहाऱ्यात, आडरानातून, पाण्याविना पुढे पाठवले, म्हणजे मागे काय चालले आहे ते त्याला कळू नये. कुलियाकानचा अधिकारी मेल्चोर दियास मात्र चांगला माणूस निघाला. त्याने लोकांना परत बोलावून घेतले आणि छापे घालणार नाही अशी शपथ घेतली. मेक्सिको शहरात जुलै 1536 मध्ये चौघांचे मोठे स्वागत झाले. काबेसा दे वाकाला कित्येक दिवस अंगावर कपडे सोसत नव्हते आणि जमिनीवाचून झोप येत नव्हती.

1540 साली राजाने त्याला दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाताचा गव्हर्नर नेमले. 29 मार्च 1541 रोजी तो ब्राझीलच्या किनाऱ्यावर सांता कातारिना येथे उतरला. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी संत फ्रान्सिस झेवियर लिस्बनहून गोव्याकडे निघाले, हे जाता जाता सांगावेसे वाटते. तेथून 250 माणसांसह तो चार महिने जंगलातून पायी चालला. घोडे होते, तरी तो स्वतः अनवाणी चालला. ग्वारानी लोकांकडून घेतलेल्या प्रत्येक वस्तूचा त्याने मोबदला दिला आणि 11 मार्च 1542 रोजी आसुन्सिओनला पोहोचला. वाटेत त्याने इग्वासूचा प्रचंड धबधबा पाहिला. त्याचे वर्णन करणारा तो पहिला युरोपीय.

आसुन्सिओनमधील स्पॅनिश वसाहतवाल्यांना असा गव्हर्नर नको होता. ग्वारानी बायकांना घरात कोंडून राबवण्यावर आणि लोकांना फुकट वेठीला धरण्यावर त्याने निर्बंध घातले. नदीवरच्या एका मोहिमेहून परतताना सैनिकांनी सोबत घेतलेल्या सुमारे 100 मुली त्याने आईबापांकडे परत पाठवायला लावल्या. तोही सत्तेवर असताना युद्ध करीत होता. ग्वायकुरू लोकांवर त्याने स्वारी केली, हे विसरता येणार नाही. बरोबर हजारो लोक असतानाही जी लूट त्याला थांबवता आली नव्हती, ती आता हुकूम काढून थांबवता येईल असे त्याला वाटले असावे. एप्रिल 1544 मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला आजारी अवस्थेत पकडून कैदेत टाकले आणि 1545 साली बेड्या घालून स्पेनला पाठवले. आरोपांत स्थानिकांवरील जुलूमही होता! मार्च 1551 मध्ये सर्व पदव्या गेल्या, अमेरिकेत पाऊल ठेवायला बंदी झाली, आणि आफ्रिकेतील ओरान येथे पाच वर्षे स्वखर्चाने लष्करी चाकरीची शिक्षा झाली. ती पुढे माफ झाली. त्याच सुमारास वायादोलिद शहरात लास कासास आणि सेपूलवेदा यांचा तो प्रसिद्ध वाद चालू होता, की अॅरिस्टॉटलने म्हटलेले जन्मजात गुलाम म्हणजे हेच अमेरिकेतले लोक की काय. लास कासास यांनी आपल्या ग्रंथात काबेसा दे वाकाच्या वृत्तांताचा उपयोग केला आहे.

1550च्या दशकाच्या अखेरीस तो स्पेनमध्येच वारला. पैसा राहिला नव्हता. त्याचे पुस्तक 1542 साली थामोरा येथे छापले गेले आणि 1555 साली पुन्हा निघाले. शेवटच्या पानावर जिवंत परतलेल्या चौघांची नोंद आहे. तिघांच्या नावापुढे आईबाप किंवा गाव, कुळ दिले आहे. चौथा एस्तेबान, त्याच्यापुढे आझेमूरचा काळा अरब, एवढेच. त्याला स्वातंत्र्य मिळाले नाही. मेक्सिकोच्या व्हाइसरॉयने वाट माहीत असलेला माणूस म्हणून त्याला पुन्हा उत्तरेस, फ्रायर मार्कोस दे निसा यांच्याबरोबर धाडले आणि 1539 साली, पुस्तक छापून निघण्याआधी तीन वर्षे, झुनी लोकांच्या गावी तो मारला गेला.